सहकुटुंब म्हणजे कुणासह?

पावसाळा ओसरू लागला की सहलींच्या जाहिराती सुरू होतात. ‘सहकुटुंब निसर्गभ्रमण’, ‘लहानथोरांना झेपेल अशी सोपी जंगलवाट’, ‘वाटेत प्राचीन लेणी आणि किल्ला’. वाचायला गोड वाटतं. पण मैत्रिणींनो, यातला पहिलाच शब्द जरा तपासून पाहा. आपल्या आजोबांच्या पिढीतले पुरुष बायकोचा उल्लेख ‘आमचं कुटुंब’ असा करत. म्हणजे ‘सहकुटुंब’ या शब्दात जाणारा तो आहे, आणि कुटुंब ही त्यानं बरोबर न्यायची गोष्ट आहे. हा जुना अर्थ आता कोणी बोलून दाखवत नाही. रानातल्या वाटेवर मात्र तो अजून जसाच्या तसा चालतो आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कुटुंबाची सहल निघते तेव्हा घरातली बाई सहलीला जातच नाही. तिचं स्वयंपाकघर रानात जातं आणि त्याच्यामागून तिला जावं लागतं.

आदल्या रात्री बटाटे उकडायचे, पुऱ्यांची कणीक मळायची, लोणचं बांधायचं, सासऱ्यांच्या गोळ्या, धाकट्याचे जादा कपडे, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या. पहाटे चारला ती उठते, बाकीचे सहाला. जंगलात पोचल्यावर नवरा म्हणतो, ‘काय शांतता आहे!’ ती शांतता त्याला मिळावी म्हणून दोन्ही मुलं तिच्या हाताला असतात. बारा वाजता सतरंजी पसरली जाते. मुलगा बुरुजाकडे पळतो आणि मुलीच्या हातात वाढायला बशा येतात. संध्याकाळी घरी आल्यावर चिखलाचे कपडे कोण भिजत घालतं, हे सांगायला नकोच. सोमवारी कचेरीत तो म्हणतो, ‘रविवारी मस्त आराम झाला.’

हे माझ्या मनचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ साली लोक आपला वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी तेवढ्यातही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली! या हिशेबात रविवारची सहल बाईच्या विश्रांतीच्या खात्यावर मांडता येणार नाही. ती कामाच्याच खात्यावर मांडावी लागेल.

आता ‘सोपी वाट’ कुणाला सोपी ते पाहू. बऱ्याच लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या वाटेवर बायकांसाठी धड संडास-मुतारी नसते. असली तर पाणी नसतं, पाणी असलं तर दाराला कडी नसते. पुरुष झाडाआड जातो आणि मोकळा होतो. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. भर उन्हात चढण चढायची, मुलांना पाणी पाजायचं आणि आपण घोट घेऊन बाटली मिटायची. पाळी असेल तर ‘मी खालीच थांबते, तुम्ही जाऊन या,’ असं ती हसत सांगते. मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू झाली आणि शहरातल्या मुतारीचा प्रश्न आपण निदान चारचौघांत बोलायला शिकलो. डोंगरातला प्रश्न अजून झाडाआडच आहे. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी, लोहगड, राजगड, रायगड यांच्यासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. आनंद आहे. पण बाईला दिवसभर पाणी पिता येत नाही असा वारसा अर्ध्या जगाचाच राहतो.

आणि तिथे पोचल्यावर आपल्याला काय दाखवलं जातं? जुन्नर तालुक्यातला नाणेघाट घ्या. कोकणातून घाटावर चढणारी ही फार जुनी व्यापारी वाट. खालून वैशाखऱ्याकडून जंगलातली दगडी चढण आहे. वरच्या अंगानं घाटघरकडून गाडी पार जवळ येते, म्हणून सहकुटुंब मंडळी तिकडूनच जास्त येतात. मी दोन्ही बाजूंनी गेले आहे. वाटाडे दगडी रांजण दाखवतात, जकातीची गोष्ट सांगतात, ‘नानाच्या अंगठ्या’वर उभं राहून फोटो काढायला लावतात. मग गुहेत पाच मिनिटं. ‘हा जुना शिलालेख आहे’ एवढं सांगून पुढे.

त्या भिंतींवर एका बाईचं नाव आहे. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लांबलचक लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो. काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचा हिशेब त्यात आहे. आपल्या देशातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत तो मोजला जातो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. त्यात राणीचं नाव आधी आहे आणि राजा सातकर्णीचं नंतर! मुलं लहान असताना राज्याचा कारभार तिनं पाहिला, असं अनेक अभ्यासक मानतात.

नागनिका राणी होती, कष्टकरी बाई नव्हती. तिच्या अश्वमेधांचं कौतुक करायचं आपल्याला काही कारण नाही. पण हजारो माणसं ये-जा करतात अशा वाटेवर एका बाईच्या नावानं हिशेब कोरला गेला, ही गोष्ट सहलीला आलेल्या मुलीला कळायला नको का? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीलाही हेच. शंभरावर लेणी आहेत, आणि दान देणाऱ्यांच्या लेखांत भिक्षुणींची आणि संसारी स्त्रियांची नावं आहेत. आपण त्या लेण्यांच्या ओट्यावर बसून डबे उघडतो आणि बायकांची नावं पाठीमागे भिंतीवर तशीच राहतात.

बाईची एकच गोष्ट सगळ्यांना पाठ असते, ती हिरकणीची. तिच्या नावानं एस.टी.ची गाडी निघाली, बाळाला पाजायला स्थानकांत कक्ष झाले, २०१९ मध्ये सिनेमा आला. लोककथा म्हणून ती मलाही प्रिय आहे. पण ती सांगितली कशी जाते पाहा. रायगडावर रोज दूध विकायला चढणारी, स्वतः कमावणारी गवळण हा तिचा पहिला परिचय. तो एका वाक्यात उरकतो. दरवाजा बंद झाला, घरी तान्हं बाळ, आणि ती जिवावर उदार होऊन कडा उतरली. ‘पाहा आईचं काळीज!’ असं म्हणून गोष्ट संपते, आणि ऐकणाऱ्या आया पिशवीतून मुलांचा खाऊ काढतात. बाळाजवळ दुसरं कोणी का नव्हतं, हे कोणी विचारत नाही. बाईनं डोंगर उतरायचा तोही मुलासाठीच, एवढाच धडा घरी जातो.

या वाटेवर आणखी एक बाई आहे, आणि तिच्याबद्दल आपणही कमी बोलतो. महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतली ही बाई याच जंगलात रोज चालते. डोक्यावर मोळी किंवा हंडा घेऊन. तिच्या चालण्याला कोणी ‘भ्रमण’ म्हणत नाही. मोळी दिसली की वनखात्याचा माणूस अडवेल याची तिला धास्ती असते. सहलवाले येतात त्या दिवशी ती पिठलं-भाकरी करते, ताकाची कळशी गडावर चढवते. आपल्याला ‘घरच्यासारखं जेवण’ मिळतं ते तिच्या घरच्या चुलीवर. पैसे कुणाच्या हातात पडतात? भाकरीचा भाव कोण ठरवतं? २००६ च्या वनहक्क कायद्यानं विवाहितांना हक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं ठरवलं आहे. गावात जेवायला बसताना किती जोडपी पट्टाधारक आहेत, हा प्रश्न आपण कधी विचारतो का? एका बाईचं स्वयंपाकघर दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवून झालेली सुट्टी भगिनीभावाची म्हणता येणार नाही.

यावर तीन आक्षेप येतात.

पहिला, ‘बायकांना हे करायला आवडतं.’ आवडतही असेल. मग एका सहलीला तिनं काही न करता नुसतं यावं, आणि तेही आवडतं का ते तिलाच विचारावं.

दुसरा, ‘जंगलात बायकांनी एकट्यानं जाणं सुरक्षित नाही, म्हणून कुटुंब.’ बाईवर सर्वांत जास्त हात उगारला जातो तो घरात, हे या पानांच्या वाचकांना सांगायची गरज नाही. शिवाय देवासाठी चालायला बाईला कोणी अडवत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत हजारो बाया जवळपास तीन आठवडे पायी जातात, उघड्यावर निजतात. पाणी, लाकूड, देव आणि माहेर यांसाठी बाईचे पाय चालतात. फक्त स्वतःसाठी निघाले की ते असुरक्षित होतात. आणि नवऱ्यानं टाकलेली, विधवा, लग्न न केलेली, दोन मैत्रिणी मिळून राहणारी, यांनी कुणाच्या कुटुंबात बसून रान पाहायचं?

तिसरा आक्षेप आपल्यातलाच आहे, आणि तो मला जास्त लागतो. ‘बलात्कार, हुंडा, रोजगाराचे प्रश्न पेटलेले असताना सहलींचं काय घेऊन बसलीस?’ मी वस्तीतल्या बायांबरोबर वर्षानुवर्षं बैठका घेते. आमच्या गटानं पोरंबाळं, नवरे घरी ठेवून डोंगरात जायला सुरुवात केली तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईनं वर पोचल्यावर विचारलं, ‘आता काय करायचं?’ काही नाही, म्हटलं. तिचा विश्वास बसेना. काही न करण्याचा वेळ तिला जन्मात कोणी दिला नव्हता. ज्या बाईला स्वतःच्या चार तासांवर हक्क सांगता येत नाही, ती घरावर, जमिनीवर, शरीरावर हक्क कसा सांगेल? फुरसत ही चैनीची वस्तू आहे असं मानणारी चळवळ मालकाच्याच भाषेत बोलते.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.चं तिकीट बाईला अर्ध्या दरात मिळू लागलं. तिकीट अर्धं झालं, घरकाम अर्धं झालं नाही. ते आपल्यालाच करायचं आहे. म्हणून गटागटांत या गोष्टी ठरवू या. सहलीचा डबा, मुलं आणि परतल्यावरचं धुणं यांची वाटणी निघायच्या आधी घरात मोठ्यानं बोलून होईल. तिमाहीतून एकदा तरी बायका कुटुंबाशिवाय निघतील, आणि एकट्या राहणाऱ्या मैत्रिणींना आधी बोलावतील. जेवण गावातल्या बायांच्या बचत गटाकडून, त्या सांगतील त्या भावात, पैसे त्यांच्याच हातात. प्रवेशाचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पाणी आणि कडी असलेला बायकांचा संडास हवा, अशी लेखी मागणी ग्रामपंचायत, वनखातं आणि पुरातत्त्व खात्याकडे आपण करू, आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा करू. नाणेघाटात गेलात तर रांजणापाशी थांबू नका. मुलींना गुहेत न्या, त्या नावाखाली उभं करा आणि ते कुणाचं ते सांगा.

पुऱ्या त्या दिवशी कोणीतरी दुसरा तळेल. नाही तळल्या तर केळी खाऊन चढू.