सिकलसेलचा रिपोर्ट समजावायला मराठीही लागते

दहावीचा निकाल लागला की आसगावचे पालक मला विचारतात, "डॉक्टरसाहेब, सायन्सच घ्यायचं ना?" जरूर घ्या. पण बरेचदा त्याच फॉर्मवर मराठी काढून माहिती तंत्रज्ञान टाकलं जातं, कारण त्यात मार्क चांगले पडतात. पुढे दोन वर्षं नीटची तयारी. कथा, इतिहास, नाटक सगळं 'टाइमपास'. मला हे चूक वाटतं, आणि तेही वैद्यकीयदृष्ट्या.

आपल्याच भागातला सिकलसेल घ्या. तपासणीत 'एएस' आलं तर ती व्यक्ती फक्त वाहक असते, रोगी नव्हे. 'एसएस' म्हणजे आजार: हाडं-सांधे ठणकणं, रक्त कमी होणं, वारंवार जंतुसंसर्ग. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. बारावीच्या मुलाला हे गणित येतं. पण आजी विचारते, "म्हणजे चारातून एकालेच होईन ना? एक झाला, आता बाकीचे सुटले!" नाही आजी, दरवेळी चिठ्ठी नव्याने निघते. ही चिठ्ठीची उपमा जीवशास्त्राच्या पुस्तकात नाही. ती भाषेतून येते.

'वाहक' हा शब्द तर घरी पोचेपर्यंत 'पोरीत दोष आहे' असा होतो. मग रिपोर्ट कपाटात जातो, लग्न ठरतं, मुलाची तपासणी होतच नाही. इथे विज्ञान कमी पडलेलं नसतं. सांगणं कमी पडलेलं असतं.

२०१९ पासून एमबीबीएसला वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग शिकवला जातो. छान झालं. मात्र अठराव्या वर्षापर्यंत ज्याने अवांतर एक पुस्तक वाचलं नाही, त्याला तासिका लावून किती येणार, ही मला शंका आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. रंगभूमीमुळे त्यांचं विज्ञान काही पातळ झालं नाही. घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर मी नातेवाइकांना आगाशेंचा 'अस्तु' बघायला सांगतो. माझ्या दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा तो जास्त समजावतो.

आणि आपल्याला नाटकाचं काय अप्रूप? धान निघालं की झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं चालतात, हजारो माणसं बसतात. शाळेतल्या विज्ञानाच्या आणि मराठीच्या सरांनी मिळून मुलांकडून सिकलसेलवर वीस मिनिटांची नाटुकली बसवून घ्यावी. संवाद मुलांनी लिहावेत, आपल्या बोलीत. 'एएस' आणि 'एसएस'मधला फरक चुकला तर विज्ञानाचे सर पकडतील, आजीला कळलं नाही तर मराठीचे.

तोवर, तुमच्या घरी लग्नाचं कुणी असेल तर पत्रिकेआधी दोन्हीकडची सिकलसेल तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. रिपोर्ट घेऊन या, बसून बोलू.