अवैध तंबाखू व्यापार : प्रश्न केवळ महसुलाचा नव्हे

बंगळूर शहरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या होसूर रस्त्यावर ‘निम्हान्स’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे. तिच्या जवळच किदवई कर्करोग संस्था आहे. पुढे माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक सिटी लागते आणि बोम्मसंद्र, अत्तिबेले ही गावे मागे टाकली की तामिळनाडूची हद्द सुरू होते. तंबाखूचे सेवन, त्यातून होणारे आजार आणि राज्याराज्यांतील कायद्यांची तफावत या तिन्ही गोष्टी या एकाच रस्त्यावर एकत्र आलेल्या दिसतात.

तंबाखूच्या अवैध व्यापाराची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने बुडालेल्या महसुलाच्या अंगाने होते. जप्त मालाची किंमत जाहीर होते आणि तेथेच विषय संपतो. मात्र करचुकवेगिरी करून आलेली सिगारेट स्वस्त असते. तिच्या पाकिटावर बहुधा सचित्र इशारा नसतो आणि ती विकणारा ग्राहकाचे वय विचारीत नाही. किंमत, इशारा आणि वयोमर्यादा हे तंबाखू नियंत्रणाचे तीन आधार आहेत. अवैध व्यापार या तिन्ही आधारांना एकाच वेळी धक्का देतो. त्याची सर्वाधिक झळ अल्प उत्पन्न गटाला आणि तरुणांना बसते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. धूम्रपानाचे प्रमाण १०.७ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २१.४ टक्के होते. तंबाखूजन्य आजार व अकाली मृत्यू यांमुळे २०१७-१८ या वर्षात देशाला सुमारे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचा भार सोसावा लागला, असा अंदाज आहे.

सीमेवर बदलणारा कायदा

भारतातील अवैध व्यापार म्हणजे केवळ परदेशी सिगारेटींची तस्करी नव्हे, हेही या आकडेवारीवरून स्पष्ट होते. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द ठरविली होती. पुढे अन्न सुरक्षा नियमांनुसार अन्नपदार्थात तंबाखू व निकोटिन मिसळण्यास मनाई झाली आणि त्या आधारे महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी लागू केली. कर्नाटकने मे २०१३ मध्ये तोच मार्ग अवलंबिला. त्यानंतर पानमसाला आणि तंबाखू यांच्या स्वतंत्र पुड्या शेजारी शेजारी ठेवून विकण्याची पळवाट निघाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये या प्रकाराची दखल घेतली.

महाराष्ट्राच्या आदेशात पानमसाला व सुगंधित तंबाखूचाही समावेश आहे, कर्नाटकातील बंदी मात्र तितकी व्यापक नाही. परिणामी निपाणीहून कोगनोळी ओलांडून कागलकडे निघालेला तोच माल काही किलोमीटरच्या अंतरात बेकायदा ठरतो. होसूर रस्त्याने तामिळनाडूत शिरणाऱ्या मालाचीही हीच कथा आहे. सीमेच्या दोन बाजूंना दोन कायदे असतील, तर त्यांमधील फरक हाच व्यापाऱ्याचा नफा होतो. अन्न व औषध प्रशासन, पोलीस आणि कर विभाग यांनी स्वतंत्रपणे छापे घातल्यास वाहनचालक सापडतो, उत्पादक नामानिराळा राहतो.

सुटी सिगारेट आणि ई-सिगारेट

इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या वसाहतीत प्रश्नाचे स्वरूप काहीसे निराळे आहे. महाराष्ट्रासह देशभरातून आलेला तरुण वर्ग येथे दिवस-रात्रीच्या पाळ्यांमध्ये काम करतो. अशा ठिकाणी चहाच्या टपरीवरील सुटी सिगारेट हा सवयीचा सर्वांत सोपा प्रारंभ ठरतो. सुट्या सिगारेटीसोबत इशारा येत नाही आणि तिच्यावर कर भरला आहे किंवा नाही हेही ग्राहकाला कळत नाही. कर्नाटकच्या २०२५ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्याने सुटी विक्री रोखली आहे, खरेदीचे किमान वय २१ केले आहे आणि हुक्का बारवर बंदी घातली आहे. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर तर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने संपूर्ण देशात बंदी आहे. अर्थात टपरीपर्यंत नियमित तपासणी पोहोचली नाही, तर या तरतुदी कागदावरच राहतील.

कर आणि तस्करी

कर वाढला की तस्करी वाढते, असा युक्तिवाद सिगारेट उद्योगाकडून सातत्याने केला जातो. ब्रिटनचा अनुभव त्याला छेद देणारा आहे. तेथे २००० साली तस्करीविरोधी धोरण राबविण्यास सुरुवात झाली. त्यानंतर कर चढेच राहिले, तरीही अवैध सिगारेटींचा बाजारातील वाटा निम्म्याहून अधिक घटला. अंमलबजावणीची शिथिलता हेच तस्करीचे मूळ असल्याचे यावरून सूचित होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराअंतर्गत अवैध व्यापाराविरुद्धचा मसुदा २०१२ मध्ये सोल येथे स्वीकारण्यात आला. भारत त्यात जून २०१८ मध्ये सहभागी झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो अमलात आला. परवाना पद्धती आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत मालाचा माग ठेवणारी विशिष्ट ओळखखूण या त्यातील प्रमुख अपेक्षा आहेत. २०२५ च्या वित्त अधिनियमाने वस्तू व सेवा कर कायद्यात करचुकवेगिरीची शक्यता असलेल्या वस्तूंसाठी अशा ओळखखुणेची तरतूद केली आहे. जगभरातील मालाचा हिशेब ठेवणाऱ्या संगणक प्रणाली जेथे विकसित होतात, त्या बंगळूरला हे तंत्र अपरिचित नाही.

तथापि, केवळ पुरवठा रोखून भागणार नाही. सवय जडलेल्या व्यक्तीला उपचार मिळाले नाहीत, तर ती दुसरा विक्रेता शोधते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवेद्वारे तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन केले जाते. निम्हान्स हे तिचे एक केंद्र आहे. जप्तीचे आकडे जाहीर करताना किती जणांनी तंबाखू सोडली, याचाही हिशेब शासनाने मांडल्यास या प्रश्नाकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहण्यास खऱ्या अर्थाने सुरुवात होईल.