अमर पेशींतील सदोष दुरुस्ती आणि औषधांची कसोटी

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या भांडारातून देशभरातील संशोधन संस्थांना मानवी सेल लाइन, म्हणजेच प्रयोगशाळेत अखंड वाढणाऱ्या पेशी पुरवल्या जातात. कर्करोगावरील नवी औषधे किंवा वनस्पतींचे अर्क यांची पहिली चाचणी बहुधा अशाच पेशींवर होते. मात्र यांतील अनेक पेशींमध्ये डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच सदोष असते. हा दोष विचारात न घेता काढलेला निष्कर्ष रुग्णांच्या बाबतीत दिशाभूल करणारा ठरू शकतो.

सामान्य मानवी पेशीचे विभाजन ठरावीक मर्यादेनंतर थांबते, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली दाखवून दिले. ही मर्यादा ओलांडणाऱ्या पेशींवरील नैसर्गिक नियंत्रणे सैल झालेली असतात. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी महिलेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून मिळालेल्या ‘हीला’ पेशींमध्ये पॅपिलोमा विषाणूचे एक प्रथिन पी-५३ या प्रथिनाचा नाश घडवून आणते. डीएनएला इजा झाल्यास विभाजन रोखणे, हे पी-५३चे एक प्रमुख कार्य आहे.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगातील एचसीटी-११६ पेशींचे उदाहरणही बोलके आहे. एमएलएच-१ या जनुकातील दोषामुळे डीएनएची प्रत तयार होताना झालेल्या चुका या पेशींना सुधारता येत नाहीत. १९९४ साली संशोधकांनी त्यांत मानवी तिसरे गुणसूत्र घातले, तेव्हा ही क्षमता परत आली. त्याचबरोबर, डीएनएला इजा करणारे जे रसायन या पेशी पूर्वी सहन करत होत्या, त्याला तोंड देण्याची त्यांची शक्ती घटली. पेशी त्याच, रसायनही तेच. दुरुस्ती सुरू होताच निष्कर्ष मात्र बदलला.

जनुकीय संपादनातही हा प्रश्न उद्भवतो. २०१९ साली जाहीर झालेले ‘प्राइम एडिटिंग’ तंत्र प्रामुख्याने एचईके-२९३टी पेशींत आजमावण्यात आले. या पेशींत एमएलएच-१ जनुक निष्क्रिय असते. हीच दुरुस्ती यंत्रणा अशा संपादनात अडथळा आणते, असे २०२१ साली स्पष्ट झाले. त्यामुळे या पेशींतील यश निरोगी पेशींत तेवढेच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

दोष ठाऊक असल्यास तो उपयुक्तही ठरतो. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या पेशी ‘पार्प’ हे विकर रोखल्यास मरतात, हे २००५ साली सिद्ध झाले. त्या आधारावर ओलापरिब या औषधाला २०१४ साली अमेरिका व युरोपात मान्यता मिळाली.

अडचण आहे ती अज्ञात दोषाची. २०१८ साली स्तनाच्या कर्करोगातील एमसीएफ-७ या एकाच सेल लाइनच्या २७ उपप्रकारांची तुलना करण्यात आली, तेव्हा औषधांना मिळणाऱ्या प्रतिसादात मोठी तफावत आढळली. चुकीच्या नावाने वापरल्या जाणाऱ्या सेल लाइनच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तर पाचशेहून अधिक नावे आहेत.

यावरील उपाय फारसे खर्चिक नाहीत. पेशींची ओळख डीएनए चाचणीने पडताळणे, त्यांतील दुरुस्ती यंत्रणेची स्थिती शोधनिबंधात नमूद करणे आणि दुरुस्ती शाबूत असलेल्या पेशींवर प्रयोग पुन्हा करणे, एवढे तरी अपेक्षित आहे. एखाद्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मारल्याची बातमी वाचून चालू उपचार सोडण्याचा विचार करणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही पडताळणी केवळ तांत्रिक बाब राहत नाही.