मांजर घराचं, जबाबदारी कुणाची?

‘आले असते हो, पण मांजर कोण बघणार?’ लग्नकार्य असो, देवदर्शन असो की माहेरचे चार दिवस, हे वाक्य आपल्याकडे हमखास ऐकू येतं. आणि मैत्रिणींनो, ते म्हणणारी बहुतेक वेळा बाईच असते. मांजर सगळ्या घराचं लाडकं. मुलं त्याचे फोटो काढतात, ‘हे’ त्याला मांडीवर घेऊन पेपर वाचतात. पण सहल ठरली की मागे थांबायचं ते मात्र तिनं!

कुत्रं माणसाला धरून असतं आणि मांजर घराला, असं आपण म्हणतो. ते अगदीच खोटं नाही. मांजर आपली जागा वासानं ओळखतं. दाराला, पलंगाला गाल घासतं, म्हणजे तिथं आपला वास ठेवून जातं. तो वास सुटला की बावरतं. म्हणूनच मुलीकडे अमेरिकेत गेले तेव्हा तिथली ‘आरव्ही’ची दुनिया बघून मला नवल वाटलं. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. बसएवढ्या गाडीत ओटा, पलंग, संडास-बाथरूम सगळं. निवृत्त झालेली कित्येक माणसं महिनोन्‌महिने त्यातच फिरतात आणि सोबत मांजरंही असतात.

आमच्या शेजारी गाडी लावलेल्या सत्तरीच्या बाई तर एकट्याच होत्या, सोबतीला एक करडी मांजरी. मी विचारलं, ‘ही बावरत नाही?’ त्या म्हणाल्या, ‘हिला गाव बदललेलं चालतं, कोपरा बदललेला चालत नाही.’ प्रवासाआधी कितीतरी दिवस त्यांनी गाडी दारातच उभी ठेवून मांजरीला आत जेवू घातलं. मग नुसतं इंजिन सुरू करून बघितलं. मग गल्लीत एक फेरी. गाडी चालू असताना मांजरी पट्ट्यानं बांधलेल्या पेटीत, कारण मोकळं मांजर ब्रेकखाली शिरलं तर सगळ्यांच्याच जिवावर बेतायचं. तिची चादर तीच, शी-शूचा ट्रे ठरल्या जागी. दार उघडण्याआधी ती कुठं आहे ते बघायचं. हरवलीच तर सापडावी म्हणून कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवलेली. राष्ट्रीय उद्यानांत नियमही कडक. ग्रँड कॅनियनमध्ये पाळीव प्राण्याला सहा फुटांपर्यंतच्या पट्ट्यानं कड्यावरच्या वाटेवर नेता येतं, खाली दरीत नाही.

१९७४ साली तिथं ‘हॅरी अँड टोंटो’ नावाचा सिनेमा आला होता. घर गमावलेला एक म्हातारा आपल्या मांजराला घेऊन देशभर फिरतो. मांजरापायी विमान सोडतो, बस सोडतो, शेवटी जुनी मोटार घेतो. त्या भूमिकेसाठी आर्ट कार्नीला ऑस्कर मिळालं. पुरुष मांजर घेऊन निघाला की त्याचा सिनेमा होतो. बाई मांजरापायी घरी राहिली तर कुणाच्या लक्षातही येत नाही!

आपल्याकडे चाकांवरचं घर कुणाच्या दारात असणार? पण त्या बाईंची युक्ती साध्या मोटारीलाही लागू पडते. हवा खेळेल अशी, झाकण घट्ट बसणारी टोपली पंधरा दिवस आधीच घरात उघडी ठेवा. आत तुमची जुनी, न धुतलेली साडी अंथरा. निघण्याआधी तीन-चार तास खाणं नको, पाणी चालेल. बंद मोटारीत मांजराला ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणत उतरू नका. बाहेर साधं २५ अंश तापमान असलं, तरी उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात चाळिशी गाठते. आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी देऊ नका. आपली तापाची पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी असते.

काही मांजरांना प्रवास मानवतच नाही. त्यांना घरीच राहू द्या, पण त्यांच्यासोबत तुम्हीच राहायला हवं असं कुठं लिहिलंय? खाणं, पाणी आणि ट्रेची सफाई मुलाला दाखवा, नवऱ्याला दाखवा. सगळेच जात असाल, तर दोन वेळा येऊन बघणारी शेजारीण शोधा आणि तिच्या सहलीत तिचं मांजर तुम्ही बघा. डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर चिकटवा. मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर वाट बघत बसायचं नाही, एवढं मात्र बजावून ठेवा.

एवढं केलं की बॅग भरा आणि निघा. मांजर सगळ्या घराचं असेल, तर ते सांभाळायचं कामही सगळ्या घराचंच.