कुलसंमेलन आणि तिकीटखिडकी

सहामाही परीक्षा आटोपून दिवाळीची सुट्टी दृष्टिपथात आली, की मीरा-भाईंदर परिसरातील अनेक मराठी घरांत एक विचार हटकून पुढे येतो. यंदा सगळी चुलत, आते, मामे भावंडे एकदा एकत्र भेटू या. विचार स्तुत्य असतो. भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तो मांडला जातो, दोन दिवस उत्साहाला उधाण येते आणि मग ठिकाणाचा प्रश्न उपस्थित होतो. तरुण मंडळी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे नाव सुचवतात. मुले आनंदाने उड्या मारतात. ज्येष्ठ मंडळी अंगठ्याचे चिन्ह पाठवून मोकळी होतात आणि निर्णय एकमताने झाला असे सर्वांना वाटते. त्या एकमतात कोण बोललेच नाही, याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

मुळात अशा भेटीची योजना करण्याची वेळ का यावी? मागच्या पिढीला ती करावी लागत नव्हती. गणपतीला कोकणातले घर भरत असे, शिमग्याला पालखी दारी येई, कुलदैवताच्या जत्रेला भावकी आपोआप गोळा होई. निमंत्रण पंचांगच देत असे. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत दोन खोल्यांतून दहा-बारा माणसे नांदली आणि पुढे संसार वाढले तशी उपनगरांकडे सरकली. त्या लोंढ्यातूनच आजचे मीरा-भाईंदर आकाराला आले. १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत पाच लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. या आकड्यांत चाळीतल्या एकेका बिऱ्हाडाची पांगापांग दडलेली आहे. थोरला भाऊ भाईंदरला, धाकटा नालासोपाऱ्याला, बहीण डोंबिवलीला, पुतण्या पुण्यात हिंजवडीला आणि भाची थेट कॅनडात. थोरला आणि धाकटा तर एकाच विरार गाडीने रोज प्रवास करतात. डबे निराळे असल्याने भेट मात्र लग्नातच होते. भावकीतील एखाद्या वृद्धाचे निधन झाले आणि ‘आपल्याला सूतक आहे’ असा निरोप आला, की घरातील मुलांना त्या नावाचे आजोबा आपल्याला होते हे प्रथम कळते. नात्याची ओळख सुतकातून व्हावी, यापरते दुर्दैव ते कोणते!

म्हणून कुटुंब एकत्र आणण्याची ही ओढ थट्टेवारी नेण्याजोगी नाही. रा. स्व. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने जी पंच परिवर्तनाची सूत्रे समाजापुढे ठेवली गेली, त्यांत कुटुंब प्रबोधन हे एक आहे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी एकत्र बसावे, जेवावे, बोलावे, एवढी साधी ती अपेक्षा. पण आजच्या सदनिकेत ‘सर्व’ म्हणजे तीन किंवा चार माणसे. त्या चौघांच्या पलीकडचे कुटुंब साप्ताहिक भोजनाच्या ताटावर येऊ शकत नाही. त्याच्यासाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावाच लागतो. प्रश्न आहे तो दिवस कोठे आणि कशात घालवावा, हा.

यंत्रापुढे बसलेले कुटुंब

मनोरंजन उद्यान मीरा-भाईंदरकरांना नवे नाही. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन-गोराईच्या पट्ट्यात १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. मार्वेहून, गोराईहून फेरीबोटीने किंवा भाईंदरहून रस्त्याने तेथे जाणे हा एका संपूर्ण पिढीच्या बालपणाचा सोहळा होता. शाळेची सहल तेथे, कार्यालयाची सहल तेथे आणि गावाहून पाहुणे आले तरी तेथेच. २०२० च्या महासाथीनंतरच्या काळात ते बंद झाले. दिल्लीचे १९८४ साली सुरू झालेले अप्पू घर तर २००८ मध्येच मिटले. कुटुंबाच्या आठवणी ज्या पाळण्यांना टांगल्या होत्या, ते पाळणे असे व्यवहाराच्या हिशेबाने उभे राहतात आणि त्याच हिशेबाने उतरवलेही जातात. यात उद्यानाच्या मालकाचा दोष नाही. तो व्यवसायच आहे. आता २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाला जायचे तर मीरा रोडहून घोडबंदर, ठाणे, कळंबोली करत द्रुतगती मार्गाने दोन-अडीच तासांची मजल आली.

अंतराचे एक वेळ चालेल. खरी अडचण प्रवेशद्वारापाशी सुरू होते. अशा उद्यानाची सगळी रचनाच माणसे निवडून वेगळी काढण्याची असते. अमुक उंचीखालच्या मुलाला या पाळण्यात प्रवेश नाही, हृदयविकार वा रक्तदाब असलेल्याने त्यात बसू नये, गर्भवतीने पलीकडे थांबावे. सुरक्षेच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. पण त्यांचा परिणाम असा होतो, की तासाभरात पस्तीस माणसांच्या कुटुंबाचे सहा तुकडे झालेले असतात. तरुण एका रांगेत, मुले दुसऱ्या रांगेत, लेकुरवाळ्या सुना उपाहारगृहात आणि गुडघे दुखणारी आजी झाडाखालच्या बाकावर सर्वांच्या पिशव्या सांभाळत बसलेली. जिच्या निमित्ताने सगळे जमले, ती दिवसभर पिशव्यांची राखण करते! पाळण्यात शेजारी बसलेली दोन चुलत भावंडेही एकमेकांकडे पाहत नाहीत. दोघेही समोरच्या यंत्राकडे पाहून ओरडत असतात. संध्याकाळी छायाचित्रे भरपूर निघतात, संभाषण झालेले नसते.

आणि याहून गंभीर गोष्ट तिकिटाची. दरडोई तिकीट, त्यावर प्रवास आणि आतल्या आत विकतचे जेवण, कारण घरचा डबा बहुधा दाराबाहेर ठेवावा लागतो. पाच माणसांच्या घराला हा एक दिवस महिन्याच्या किराण्याएवढा पडू शकतो. प्रत्येक कुळात एक शाखा अशी असते जिची घडी नीट बसलेली नाही. गिरणी बंद पडल्यावर ज्यांचे वडील पुन्हा उभे राहू शकले नाहीत ती, गावी वडिलोपार्जित तुकडा कसणारी, रिक्षा चालवणारी. ती शाखा गटावर विरोध नोंदवत नाही. ‘मोठ्याची परीक्षा आहे’, ‘हिची तब्येत बरी नसते’ असा निरोप येतो आणि बाकीचे ‘पुढच्या वेळी नक्की हं!’ असे उत्तर देऊन बस ठरवू लागतात. ज्याला कुटुंबाच्या आधाराची सर्वाधिक गरज, तोच कुटुंबमेळ्यातून गळावा आणि तो का गळला हे कोणाला उमजूही नये! समाजात समरसता हवी असे आपण व्यासपीठावरून सांगतो. सख्ख्या चुलतभावाला तिकीटखिडकीने अडवले, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

दुसरी बाजू

तथापि मनोरंजन उद्यानाच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. तरुणांनी तो पर्याय का निवडला, याचाही विचार घरातील वडीलधाऱ्यांनी करायला हवा. आपली पारंपरिक कुलसंमेलने अनेकदा कशी होतात? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, कुळाच्या गौरवशाली इतिहासावर दीर्घ भाषण, ज्येष्ठांचा सत्कार, गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिक, आभार आणि भोजन. दहा वर्षांच्या मुलाने त्यात काय करावे? आणि हे संमेलन कोणाच्या घरी असेल, तर त्या घरच्या स्त्रिया पहाटेपासून पोळ्या लाटत असतात. भेटीगाठी होतात त्या पुरुषांच्या. उद्यानाच्या सहलीने निदान त्या दिवशी गृहिणीच्या हातातले लाटणे सुटते, हे तिच्या दृष्टीने लहान सुख नव्हे. जुने ते सारे सोने मानणाऱ्यांनी या एका मुद्द्यावर तरी नव्या पिढीचे ऐकून घ्यावे.

एक उदाहरण परदेशातले. ज्या अमेरिकेला आपण व्यक्तिवादी म्हणून उठताबसता नावे ठेवतो, तेथे कुटुंबमेळ्याची परंपरा मोठ्या निष्ठेने जपली जाते आणि ती विशेषत्वाने जपली आहे कृष्णवर्णीय समाजाने. गुलामगिरीच्या काळात बाजारात विकली जाऊन त्यांच्या आईबापांची आणि लेकरांची ताटातूट झाली होती. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपल्यावर त्यांनी हरवलेल्या आप्तांचा शोध घेण्यासाठी वृत्तपत्रांत निवेदने दिली आणि ती चर्चमधून वाचून दाखवली जात. पुढे १९७६ साली अ‍ॅलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ प्रसिद्ध झाले आणि वंशमुळांच्या शोधाला नवे बळ मिळाले. त्यांचे मेळे बागेत भरतात, कधी मनोरंजन उद्यानातही भरतात. तेथे हसणे-खेळणे असते, पण घराण्याची वंशावळ आणि थोरांच्या आठवणी यांना त्यात मानाचे स्थान असते. कुटुंब हिरावले गेले, म्हणून त्यांना त्याचे मोल कळले. आपले कोणी हिरावून घेतले नाही. आपणच ते रेल्वेच्या वेळापत्रकात हरवून बसलो.

वंशावळीच्या बाबतीत तर आपली परंपरा दरिद्री मुळीच नाही. मराठी घराण्यांचे छापील कुलवृत्तांत गेल्या शतकापासून प्रसिद्ध होत आहेत. हा केवळ पांढरपेशांचा छंद होता असेही नव्हे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी समाजाचे लोक गावोगाव फिरून शेतकरी घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सांगत, लिहून ठेवत. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या सर्व जातींच्या यजमानांची नोंद सापडते. उणीव होती ती एकच आणि ती मोठी : बहुतेक वंशवृक्षांत लेकींची फांदी लग्नापाशी तुटते. आज आतेभाऊ, मामेबहीण ही भेटीत सर्वांत उत्साहाने येणारी मंडळी आणि तक्त्यावर त्यांना जागाच नाही! नवा वंशवृक्ष काढताना लेकी, जावई, नातवंडे आणि अन्य जातींतून घरात आलेल्या सुना यांची नावे त्यांच्या माहेरच्या उल्लेखासह आली पाहिजेत.

हे सारे जुळवायला मीरा-भाईंदरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. ज्या पट्ट्यात एस्सेलवर्ल्ड होते, तेथेच उत्तनला केशवसृष्टी आहे. तेथील गोशाळा, शेती, औषधी वनस्पतींची लागवड शहरी मुलांना पाळण्याइतकीच गुंगवून ठेवते. जवळच धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीअप्पांच्या सैन्याने जिंकलेले ते ठाणे. नाव ऐकून मुंबईतली धारावी समजणाऱ्या मुलांची गंमत होईल ती वेगळी. गोराईला २००९ साली लोकार्पण झालेला विपश्यना पॅगोडा आहे, उत्तनचा किनारा आहे. दुपारच्या बैठकीसाठी एखाद्या गृहसंकुलाचे सभागृह पुरते आणि जेवण एखाद्या महिला बचत गटाला सांगितले तर घरच्या स्त्रियाही पंगतीला बसतात. मुलांना यंत्रांचा पाळणा हवाच असेल तर त्यांच्यासाठी तो निराळ्या दिवशी ठेवावा. कुटुंबाच्या भेटीचा तो पर्याय समजू नये, इतकेच.

खर्चाची वर्गणी माणशी न काढता घरटी आणि ऐपतीप्रमाणे काढावी, आणि ती कोणी किती दिली हे गटावर जाहीर करू नये. प्रत्येक मुलाकडे एकेक आजी-आजोबा सोपवावेत; त्यांचे गाव, त्यांची पहिली नोकरी, चाळीतली एखादी फजिती मुलाने विचारून लिहून घ्यावी आणि जेवणानंतर वाचून दाखवावी. भाषण एकही नको. तासभर मात्र मोठ्यांनी दार लोटून बसावे आणि एरवी टाळले जाणारे विषय काढावेत : अंथरुणाला खिळलेल्या काकूंना पाळीपाळीने कोण पाहणार, गावच्या घराची कौले कोण बदलणार, पुतणीच्या शिक्षणाला कोठून हातभार लागेल. यांतला एक विषय मार्गी लागला तरी पुरे.

तारीख मे महिन्यात नको, उकाडा सोसत नाही. पौष-माघातला एखादा रविवार बरा, रेल्वेचा मेगाब्लॉक पाहून ठरवावा. आणि निमंत्रण गटावर टाकण्याआधी कुटुंबातील सर्वांत वडील व्यक्तीने पहिला दूरध्वनी त्या घरी करावा, जे गेल्या वेळी ‘परीक्षा आहे’ म्हणून आले नव्हते.