हट्ट नको, हिशेब सांगा

माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनो, आईवडिलांकडे वस्तू कशी मागावी याबद्दल मी माझे मत मांडत आहे. मागतो तर आपण सगळेच. पण मागायचे कसे, हे पुष्कळांना कळत नाही. मलाही कळत नव्हते.

मागच्या वर्षी मढीच्या यात्रेत मी लाइटाच्या भिंगरीसाठी भर रस्त्यात बसून रडले. लोक बघायला लागले म्हणून अण्णांनी ती घेऊन दिली. मढी आपल्या तिसगावापासून काही लांब नाही, पण घरी येईपर्यंत भिंगरी मोडली. त्याच यात्रेत रंगपंचमीला गाढवांचा मोठा बाजार भरतो. तिथे गिऱ्हाईक आधी गाढवाचे दात बघते, म्हणजे त्याचे वय कळते. मग पाय बघते, चालवून बघते आणि नंतर भाव करते. कोणी रडत बसत नाही. गाढव घेणाऱ्याला एवढी अक्कल असते, मग आपल्याला का नसावी?

यंदा मला 'किशोर' मासिक हवे होते. आपली पाठ्यपुस्तके काढते ती पुण्याची बालभारतीच ते काढते. १९७१ सालापासून ते निघते. त्यात गोष्टी, कविता, कोडी आणि रंगीत चित्रे असतात. मी वर्षाची वर्गणी मागितली. अण्णा म्हणाले, "तूर विकल्याशिवाय नाही." मी रुसले आणि दोन वेळा जेवले नाही. आजी म्हणाली, "पोरी, रुसून कुणाचं पोट भरत नसतं." त्या रात्री मी बघितले, आई तिची तुटलेली चप्पल तारेने बांधत होती. तिने कोणाकडे काहीच मागितले नव्हते. मला कसेतरीच झाले.

मग मी पाटीवर हिशेब केला. मला खाऊला रोज ५ रुपये मिळतात. आठवड्याचे ६ दिवस धरले तर ३० रुपये. चार आठवड्यांचे १२० रुपये! एवढ्या पुड्या खाऊन माझ्याजवळ काय राहिले? नुसते कागद. मी अण्णांना म्हणाले, "मला खाऊचे पैसे देऊ नका, डब्यात टाका."

अण्णा म्हणाले, "जुने अंक मोबाइलवर फुकट मिळतात म्हणे. मग विकत कशाला?" ते खरे आहे. बालभारतीने जुने अंक संकेतस्थळावर ठेवले आहेत. पण मी म्हणाले, "अण्णा, मोबाइल तुमच्याबरोबर रानात जातो. अंक घरीच राहील. आजीला चित्रे दाखवीन, रात्री तुम्हाला वाचून दाखवीन." अण्णा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः डबा आणून दिला.

पैसे साठले तेव्हा मीच म्हणाले, आधी आईला चप्पल आणा. आई नको नको म्हणाली, पण आणली. खोटे कशाला बोलू, डबा रिकामा बघून मला थोडे वाईट वाटले. आता तो परत भरतो आहे.

म्हणून मुलांनो, मागण्याआधी तीन गोष्टी सांगा. वस्तू कशाला पाहिजे, किती दिवस टिकेल आणि पैसे कुठून येतील. हिशेब बरोबर असला तरी कधीकधी थांबावे लागते.

आणि पालकांनो, तुम्हालाही एक विनंती आहे. नुसते "नाही" म्हणू नका, कारण सांगा. नुसते "नाही" म्हटले की आम्हाला वाटते, आमचे कोणी ऐकतच नाही. "तूर विकल्यावर" म्हटले की आम्हाला दिवस तरी मोजता येतात. आम्ही लहान आहोत, पण घरातले आम्हाला कळते.

माझे काही चुकले असेल तर थोरांनी समजावून सांगावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी