जड पिस्तूल घेऊ का?

माझी भाची आठवीत आहे. दोन वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल नेमबाजी शिकतेय. परवा आली ती फुरंगटूनच. "मावशी, माझं पिस्तूल हलकं आहे, म्हणून नेम हलतो. बाबा कर्ज काढून जड घेऊन देतायत, तर सर नको म्हणतात!"

तिचं अगदीच चूक नव्हतं हं. जड वस्तू चटकन हलत नाही. हाताला बारीक कंप आला, तरी जड पिस्तुलाची नळी कमी डोलते. पण ते धरायचं एकाच हातात, हात लांब करून. सामन्यात ७५ मिनिटांत ६० छर्रे! नियमाने पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं. दहा गुणांचं वर्तुळ मात्र अवघं ११.५ मिलिमीटरचं.

मी तिच्या हातात पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली दिली. म्हणजे किलोभर वजन. म्हटलं, साठ वेळा उचल, नेम धर, खाली ठेव. (तुम्हीही करून बघा, पण घरच्यांना विचारून!) पहिल्या पाच वेळा हात झकास. विसाव्या वेळी खांदा वर चढला, बाटली थरथरू लागली. पुढे बाईसाहेब गप्पच.

तोड सरांनीच काढली. पिस्तुलाला जोडायची छोटी वजनं मिळतात. महिनाभर ती लावायची आणि गुण वहीत लिहायचे. पहिल्या दहा छर्‍यांचे वेगळे, शेवटच्या दहांचे वेगळे.

आज नववा दिवस. शेवटच्या दहांत अजून गळती आहे. बाबांनी कर्जाचा अर्ज तूर्त कपाटात ठेवलाय.